कॅनव्हास टेंटचं वॉटरप्रूफिंग लिक्विड: कोणी घ्यावं आणि कोणी नुसता पाण्याचा पाइप घ्यावा

निकाल आधीच सांगते, पूर्ण वाचायचा कंटाळा असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. लिक्विड चांगलं आहे, संपलं की परत तेच घेणार, पण डब्यावर ठळक अक्षरात 'वॉटरप्रूफ' छापलंय त्याच्या भरवशावर कोणी घेऊ नका. पाणी आत येऊ न देणं हे काम कॉटनचं कापड बऱ्यापैकी स्वतःच करतं. लिक्विडचा खरा फायदा वेगळाच आहे, टेंट पावसात भिजून जड होत नाही, लवकर वाळतो आणि त्यामुळे बुरशी कमी धरते. ज्याने कधी ओल्या कॅनव्हासची घडी घालून ती गाडीत कोंबलीये त्याला हे केवढं मोठं काम आहे ते सांगायला नको.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. याच पद्धतीचं लिक्विड बऱ्याच कंपन्या काढतात आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्या एकाच कंपनीच्या माथी मारायच्या नाहीयेत. प्रकार लक्षात ठेवा म्हणजे झालं: वॉटर बेस्ड, फ्लोरिनवालं केमिकल नसलेलं, ब्रशने किंवा पंपाने मारायचं, कॉटन आणि पॉलीकॉटनसाठीचं (पॉलीकॉटन म्हणजे पॉलिएस्टर आणि कॉटन मिसळलेलं कापड).

माझा टेंट म्हणजे बेल टेंट. गोल, मध्ये एकच खांब, ५ मीटर व्यास, कापड शंभर टक्के कॉटन, २८५ जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरला २८५ ग्रॅम वजनाचं. बरीच वर्षं वापरातला आहे. छपराच्या ज्या बाजूला ऊन जास्त लागलंय तिकडे पाणी पडलं की कापड लगेच काळपट पडायला लागलं होतं आणि सावलीच्या बाजूला मात्र थेंब अजूनही घरंगळत होते. म्हणजे कापडावरचं मूळचं पाणी परतवणारं फिनिश एका बाजूने गेलेलं. हे असंच असतं बहुतेक टेंटचं, सगळीकडून सारखं जात नाही, त्यामुळे 'टेंटला लिक्विड मारायची वेळ झाली का' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे, कुठल्या भागाला मारायची वेळ झाली ते बघायचं. बघणं सोपं, पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. थेंब गोल राहिले तर तो भाग सोडून द्या, पसरले आणि कापड गडद झालं तर तिथे गरज आहे.

आता कापड स्वतः काम करतं म्हणजे काय. कॉटनचा धागा पाणी पितो आणि फुगतो. फुगला की विणीतली बारीक बारीक छिद्रं बुजतात आणि मग मागून येणाऱ्या पाण्याला आत यायला वाट राहत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत गच्च बसतं ना, तसाच प्रकार. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा असा फुगत नाही, म्हणून त्या टेंटला आतून किंवा बाहेरून कोटिंग लागतंच, आणि त्यांच्यावर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे लिहिलेले असतात, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. कॅनव्हासचा आकडा यापेक्षा बराच कमी असतो आणि ते बघून लोक घाबरतात, पण दोन्हींची तुलनाच होत नाही. कोटिंगवालं कापड पाणी अडवतं तसं हवाही अडवतं, कॅनव्हास हवा खेळती ठेवतो, त्यासाठीच तर आपण एवढं वजन वाहतो.

म्हणून नवीन टेंटवाल्यांनो, प्लीज, लिक्विड घ्यायला धावू नका. नवीन कॅनव्हास पहिल्या पावसात शिवणीतून ठिबकतो हे अगदी नॉर्मल आहे, कारण सुईने पाडलेली भोकं अजून मोकळी असतात आणि शिलाईचा धागा फुगून त्यात बसलेला नसतो. टेंट उभा करायचा, दोऱ्या थोड्या सैल सोडायच्या कारण भिजल्यावर कापड आकसतं आणि खुंट्या उपटते, मग पाइपने चांगला निथळेपर्यंत भिजवायचा, खडखडीत वाळवायचा, आणि हेच दोन-तीन वेळा करायचं. बास. कॅनव्हासवर कारखान्यातच पाणी परतवणारं आणि बुरशीरोधक फिनिश केलेलं असतं बहुतेक वेळा, त्यावर आणखी लिक्विड थापलं तर पाणी शिवणीच्या धाग्यात शिरायलाच वेळ लागतो, म्हणजे जे व्हायला हवं तेच लांबतं.

बाजारात काय काय मिळतं ते थोडक्यात सांगते, कारण दुकानात उभं राहिल्यावर सगळे डबे सारखेच दिसतात. एक म्हणजे सॉल्व्हेंटमधलं, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात मिसळलेलं, सिलिकॉन. हे जुनं आणि दणकट काम आहे, कोरड्या कापडावर मारायचं, खोलवर मुरतं, टिकतंही जास्त. पण वास असा की टेंट कितीतरी दिवस उघडा ठेवावा लागतो, ओलं असताना पेट घेऊ शकतं त्यामुळे आसपास शेगडी, सिगारेट काही नको, आणि एकदा सिलिकॉन मारलं की त्या कापडावर नंतर दुसऱ्या जातीचं लिक्विड किंवा साधा सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवायचं द्रव्य) नीट धरत नाही, म्हणजे पुढे कायम सिलिकॉनवालंच घेत राहायचं. दुसरं हे वॉटर बेस्ड, ज्याचा हा रिव्ह्यू आहे. तिसरं म्हणजे फ्लोरिनवाली केमिकल्स असलेली, ती पाण्याबरोबर तेलही परतवतात, सिलिकॉन आणि मेण फक्त पाणी परतवतात. पण तंबूला तेलाचं काय करायचंय? या घराण्यातली पीएफओएस आणि पीएफओए ही दोन केमिकल्स घातक केमिकल्सवर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ आणि २०१९ साली गेलीत कारण ती निसर्गात वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. पावसात धुऊन जमिनीतच जाणाऱ्या गोष्टीला मला तरी ती नकोत.

चौथं मेण. जॅकेटला, बॅगेला मेणाचा कॅनव्हास भारी दिसतो, पण आख्ख्या टेंटला मेण लावलं तर वजन वाढतं, कापडाचा श्वास कोंडतो, उन्हात चिकट होऊन धूळ धरतं आणि आगीला आयतं निमंत्रण. मेण शिवणीपुरतं ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

घरगुती उपायांचंही कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. तुरटी आणि साबणाचा जुना उपाय खोटा नाहीये, कापड आधी साबणाच्या पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवलं की धाग्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा साबण तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही आणि पाणी परतवतो. लहान ताडपत्रीला करून बघायला मजा येते. पण १० किलो कापड कुठल्या पिंपात बुडवणार? आणि जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून लावायचा जो उपाय फिरत असतो त्याच्या वाटेला जाऊ नका. कापड पिवळं आणि कडक होतं हे एक, पण जास्त गंभीर म्हणजे जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकली तर ती हवेशी रिअ‍ॅक्शन होऊन आपोआप तापतात आणि कोणी काडी न लावता पेटू शकतात. ही अफवा नाहीये, सुतारकाम करणाऱ्या कोणालाही विचारा.

आता किती घ्यायचं. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो कारण लोक टेंटची जमीन मोजतात. माझ्या टेंटची जमीन साधारण २० चौरस मीटर भरते, पण लिक्विड जमिनीला नाही लावायचं. मधला खांब ३ मीटर, बाजूची उभी भिंत ६० सेंटिमीटर, म्हणजे छपराचा शंकू साधारण २७ चौरस मीटर आणि भिंत सव्वानऊ-साडेनऊ, एकूण जवळजवळ ३७. जमिनीच्या पावणेदोन पटीपेक्षा जास्त! त्यात डब्यावर जो एरिया लिहिलेला असतो तो गुळगुळीत, पातळ कापडाचा धरून लिहिलाय की काय असं वाटतं, जाड आणि सुकलेलं कॉटन पहिल्या हातात ढसाढसा पितं. मी फक्त छप्पर आणि भिंतीची उन्हाची बाजू केली, सावलीच्या बाजूच्या भिंतीला गरजच नव्हती, तरी डब्याच्या हिशोबापेक्षा बरंच जास्त लागलं. थोडं जादाच आणा, अर्ध्या छपरावर लिक्विड संपलं तर तिथे वाळल्यावर रेघ दिसते आणि ती रेघ मग कायम डोळ्यात खुपते.

धुणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि डब्यावर त्याबद्दल एक ओळ. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड अजिबात वापरू नका. त्यांचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरायला मदत करणं हे आहे, ते थोडंसं जरी धाग्यात राहिलं तरी वर मारलेलं वॉटरप्रूफिंग फुकट, पाणी त्याच वाटेने आत ओढलं जातं. कोरड्या मऊ ब्रशने आधी धूळ, कोळिष्टकं, वाळलेली पानं झटकायची, मग साधं पाणी आणि स्पंज, फारच मळलं असेल तर टेंटसाठी मिळणारा किंवा साधा शुद्ध साबण, आणि मग खूप वेळ नुसत्या पाण्याने खळखळून. गाडी धुवायचा प्रेशर पंप नको, तो विणीतून फिनिशही काढतो आणि शिवणीही उसवतो. पक्ष्यांची शिट दिसली की लगेच काढा, ती कापड खाते.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने बुरशी मरते, डाग बहुतेक तसाच राहतो, राहू दे. ब्लीच मारून तो घालवायच्या मागे लागलात तर डागाबरोबर धाग्याची ताकदही जाते आणि पुढच्या वाऱ्यात नेमकं तिथेच फाटतं. आणि बुरशी जिवंत असताना तिच्यावर लिक्विड मारू नका, ती खाली आरामात वाढत राहते.

लावायची पद्धत. वॉटर बेस्डचा एक मोठा फायदा म्हणजे टेंट पूर्ण वाळायची वाट बघावी लागत नाही, धुतल्यावर किंचित दमट असतानाच लावलं तर उलट जास्त सारखं पसरतं. टेंट उभा आणि ताणलेला हवा, सुरकुतीत लिक्विड साचतं. कडक ऊन टाळा, कापडात मुरायच्या आधीच वाळतं. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवस, आणि पुढे निदान एक दिवस तरी पाऊस नको.

लिक्विड पांढरं, दुधाळ आणि एकदम पातळ. डबा आधी नीट हलवा, खालचा गाळ वर यायला हवा. मी बागेतल्या औषध फवारायच्या पंपाने सुरुवात केली, नवीन पंप हां, ज्यात आधी तणनाशक भरलंय असा नाही, आणि मागून धाकटा भाऊ रुंद ब्रशने चोळत येत होता. ही जोडी जमली. नुसत्या पंपाने वरवर बसतं आणि नुसत्या ब्रशने हात भरून येतात. एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पट्टा पूर्ण करायचा, वरून खाली, मध्ये चहा-फोन काही नाही, कारण अर्धवट वाळलेल्या कडेवर परत ओलं लागलं की तिथे पट्टा उमटतो. ओघळ दिसला की लगेच ब्रशने पसरवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं टिपून घ्यायचं, नाहीतर वाळल्यावर पांढरट पापुद्रा धरतो, तो पुढे धुवून जातो पण दिसतो घाण. दुसरा हात पहिला अजून दमट असतानाच. खिडकीची जाळी, पारदर्शक प्लास्टिक आणि चेन यांना वाचवा, जाळीची छिद्रं एकदा भरली की सुईने टोकरत बसावं लागतं. चेनच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून घेतली तर टेन्शन नाही.

वास जवळपास नाहीच. हात साध्या पाण्याने धुतले जातात. सॉल्व्हेंटवाल्या सिलिकॉननंतर ज्यांनी हे वापरलंय त्यांना ही चैन वाटेल.

आता खरी परीक्षा. एका पट्ट्याचा खालचा अर्धा भाग मुद्दाम कोरा सोडला होता, चिकटपट्टी लावून, बघू तरी फरक काय पडतो म्हणून. सगळं वाळल्यावर पाइपने पाऊस पाडला. लिक्विड लावलेल्या भागावर पाण्याचे गोळे होऊन सरसर खाली, कापडाचा रंग तसाच. चिकटपट्टीच्या सरळ रेषेखाली मात्र कापड काही मिनिटांत गडद, लिक्विड लावलेला आणि न लावलेला भाग लांबून ओळखू यावा इतकं. भाऊ आत जाऊन बसला होता, तिथून ओरडला, "ताई, खालच्या भागात ओल आलीये, पण गळत नाहीये काहीच." मी म्हटलं थांब अजून. पाइप बराच वेळ तसाच चालू ठेवला. आतून हात न लावता बघितलं तर कोरा भाग गडद, ओला, पण आतल्या बाजूला एक थेंब सुटलेला नाही.

नंतर खऱ्या पावसात, रात्रभराच्या, हेच परत दिसलं. सकाळी ऊन आल्यावर लिक्विडवाला भाग झटकला आणि वाळला, कोरा भाग दुपारपर्यंत दमट होता. हाच तो फरक ज्याच्यासाठी मी हे लिक्विड घ्या म्हणते. कॅनव्हास ओला बांधून ठेवला तर एक-दोन दिवसांत बुरशीचा वास यायला लागतो, आणि कॅम्पवरून निघायची वेळ आपण ठरवतो, पाऊस नाही. जो टेंट निघायच्या आधी वाळतो तो जास्त वर्षं जगतो, इतका साधा हिशोब आहे. वारा असलेल्या ठिकाणी तर भिजून जड झालेलं छप्पर खांबावर आणि दोऱ्यांवर किती ओढ देतं हे वेगळंच.

शिवणींवर मात्र लिक्विडने निराशा केली, म्हणजे डब्यावर शिवणींचाही फोटो आहे म्हणून म्हणते. छपराच्या मुख्य शिवणी ठीक होत्या, त्या आधीपासूनच ठीक होत्या. दरवाज्याच्या वरची शिवण, जिथे चेनची पट्टी जोडलीये, तिथून लिक्विडच्या आधी ठिबकायचं आणि लिक्विडनंतरही ठिबकलं. निरखून बघितलं तर तिथला धागा वेगळा, चकचकीत, सरळ पॉलिएस्टरचा. चांगल्या कॅनव्हास टेंटला बहुतेक असा धागा वापरतात की आत पॉलिएस्टर आणि बाहेरून कॉटनचं वेष्टण, म्हणजे ताकद पॉलिएस्टरची आणि फुगायचं काम कॉटनचं. नुसत्या पॉलिएस्टरचा धागा फुगत नाही, भोक मोकळंच राहतं, आणि इतक्या पातळ लिक्विडने ते बुजण्यासारखं नाही. तिथे मधमाशीच्या मेणाची वडी बाहेरून शिवणीवर दाबून घासली, वरून हेअर ड्रायरची गरम हवा दिली, मेण वितळून धाग्यात गेलं, काम झालं. मोठी भेग असेल तर कॅनव्हासचा सीम सीलर घ्या. पण आधी लिक्विड, ते पूर्ण वाळल्यावर मेण, उलट केलं तर मेणावर लिक्विड बसत नाही.

आणि गळतीच्या तक्रारींमधली निम्मी गळती ही गळतीच नसते, हे मी दुसऱ्यांच्या टेंटमध्येही बघितलंय. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघं झोपले की एक लिटर. वरचे झरोके थंडी वाजते म्हणून बंद केले तर ते पाणी जाणार कुठे, थंड कापडावर आणि खांबावर बसणार आणि पहाटे नाकावर पडणार. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाऊस नसलेल्या रात्रीही तसंच होतं का आणि ओल सगळीकडे सारखी आहे का. असेल तर झरोके उघडा, जगातलं कुठलंही लिक्विड याला उपयोगाचं नाही.

दुसरी खोटी गळती हात लावल्याची. भिजलेल्या कॅनव्हासला आतून बोट, बॅग, खाटेचा कोपरा काहीही टेकलं की बाहेरचं पाणी त्या जागी ओढलं जातं आणि थेंब सुरू होतो. लिक्विड मारल्यावर हे खूप कमी होतं, हा त्याचा दुसरा खरा फायदा आणि डब्यावर याचा उल्लेखच नाही, कमाल आहे. तरीही कुठे थेंब सुरू झालाच तर त्या जागेपासून बोट कापडावर टेकवून तसंच खाली भिंतीपर्यंत ओढत न्यायचं, पाणी त्या रेघेने खाली उतरतं आणि अंथरुणावर पडायचं थांबतं.

तक्रारी. सोबत दिलेली ट्रिगरवाली बाटली टोपीला लावायला असेल, टेंटला नाही, एका पट्ट्यातच बोट दुखायला लागतं आणि नंतर ती मधूनमधून थुंकते. एवढ्या मोठ्या डब्याला ओतायला नीट तोंड नाही, पंपात भरताना बाजूने ओघळतं, नरसाळं घेऊनच बसा. सूचना इतक्या बारीक अक्षरात की फोनने फोटो काढून मोठं करून वाचाव्या लागल्या, आणि त्यात 'जुन्या-नव्या सर्व टेंटसाठी' हे वाक्य, ज्याबद्दल वर बोलून झालंय. ज्या कॅनव्हासला आगरोधक फिनिश आहे त्यावर हे लावल्याने त्या फिनिशचं काय होतं याबद्दल चकार शब्द नाही. आत स्टोव्ह लावणाऱ्यांनी हे टेंट बनवणाऱ्यालाच लेखी विचारून मग लावा, मी तर म्हणते चिमणीच्या आजूबाजूचा भाग सोडूनच द्या. आणि हो, स्टोव्ह लावणार असाल तर झरोके उघडे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, यात तडजोड नाही.

टिकतं किती? सिलिकॉनपेक्षा कमी, हे मान्य करून घ्या. ऊन लागणाऱ्या बाजूला आधी जातं. पण परत लावायचं तेव्हा फक्त त्या बाजूला लावायचं, जुन्या थरावर नवीन आरामात बसतं, आख्खा टेंट करायची गरज नाही, त्यामुळे मला ते परवडतं. वर्षभर टेंट उभाच ठेवणाऱ्यांनी मात्र सिलिकॉनचा विचार करावा, त्यांच्या बाबतीत वास वगैरे गौण. त्यांनी उन्हाचंही बघावं, कॉटनला पावसापेक्षा ऊन जास्त लवकर मारतं, काही लिक्विडमध्ये अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा घटक असतो, तसं डब्यावर लिहिलेलं असेल तर तेच घ्या.

पॉलीकॉटनवाल्यांनाही हेच चालेल, फक्त कमी लागेल कारण कापड कमी पितं, आणि त्यात अर्धा भाग न फुगणारा असल्यामुळे तुमच्याकडे पाणी परतवणारा थर जरा जास्त महत्त्वाचा. नायलॉनवाल्यांनी हा डबा ठेवून द्यावा, त्यांच्यासाठी वेगळं मिळतं, आणि आतलं कोटिंग चिकट होऊन सोलपटायला लागलं असेल तर कुठल्याच डब्याने ते परत येत नाही.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो त्या ट्रिगर बाटलीसाठी आणि शिवणीच्या फोटोसाठी. उरलेलं लिक्विड मूळ डब्यातच घट्ट झाकण लावून ठेवा, गोठेल इतक्या थंडीत बाहेर ठेवू नका, एकदा गोठून फुटलं की पाणी वेगळं आणि गाठी वेगळ्या होतात, मग हलवून काही होत नाही. पंप मात्र त्याच दिवशी धुवा, आतल्या बारीक नळीत वाळलं तर नवीनच घ्यावा लागेल.